आधी कुठला बघायचा: 'इट हॅपन्ड वन नाइट' की 'रोमन हॉलिडे'?

जुना कृष्णधवल, हसवणारा, प्रेमाचा सिनेमा बघायचाय, एकच नाव सांग, असं घरात कुणी ना कुणी विचारतंच. माझ्या तोंडात दोन नावं येतात: फ्रँक काप्राचा १९३४ चा 'इट हॅपन्ड वन नाइट' आणि विल्यम वायलरचा १९५३ चा 'रोमन हॉलिडे'. मग पुढचा प्रश्न ठरलेला, त्यातला आधी कुठला? विचारणारा कोल्हापूरचा असेल तर तिसरंही एक नाव घ्यावं लागतं, पण ते नंतर.

गंमत म्हणजे दोन्हींची गोष्ट जवळपास एकच आहे. बड्या घरची पोरगी घरातून सटकते. कडकीत असलेला एक बातमीदार तिला भेटतो. ती कोण हे कळल्यावर त्याच्या डोळ्यांपुढं पहिल्या पानावरचा मथळा नाचायला लागतो. मग प्रेम आडवं येतं आणि बातमी राहते बाजूला. एकीकडं अमेरिकेतल्या धनाढ्याची लेक एली, दुसरीकडं युरोपातल्या कुठल्याशा देशाची राजकन्या ॲन. तो देश कुठला, हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही.

फरक आहे तो दोघांच्या मधे काय उभं केलंय यात. प्रेमाच्या सिनेमात दोघं भेटली कशी हे चार वर्षांनी कुणाला आठवत नाही, मधे काय होतं ते मात्र पक्कं आठवतं. काप्रानं मधे ब्लँकेट टांगलं, वायलरनं राजमुकुट ठेवला. ब्लँकेट काढता येतं. तुम्हाला कुठला सिनेमा आवडेल हे बरंचसं इथंच ठरतं.

ब्लँकेटची भिंत

मायामीहून न्यूयॉर्कला निघालेली रात्रीची बस. पावसानं पुढचा पूल वाहून गेलाय, प्रवासी रस्त्याकडेच्या खोल्यांत मुक्कामाला थांबलेत. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर चढलं, तेव्हा बसमधे अडकून पडलेल्यांना हा प्रसंग वेगळा समजवायला नको. एली आणि पीटर, म्हणजे क्लोडेट कोल्बेर आणि क्लार्क गेबल, यांच्या खिशाला एकच खोली परवडते. दोघांचं लग्न झालेलं नाही, ओळखही धड नाही. पीटर दोन खाटांच्या मधे दोरी ताणतो, तिच्यावर ब्लँकेट टाकतो आणि जाहीर करतो की ही जेरिकोची भिंत.

इथं एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. बायबलात जेरिको नगराचा तट रणशिंगं फुंकल्यावर कोसळतो. एवढं माहीत असलं की सिनेमाचा अगदी शेवटचा विनोद बरोबर जागी लागतो. माहीत नसलं तर तुतारी कशाला वाजली म्हणून माणसं एकमेकांची तोंडं बघत बसतात. आमच्याकडं हे नेहमी होतं, म्हणून आता मी सिनेमा लावायच्या आधीच सांगून टाकतो.

तर ब्लँकेट लागलं. एली पलीकडं जायला तयार नाही. पीटर शांतपणे कपडे उतरवायला लागतो आणि पुरुष कपडे कुठल्या क्रमानं काढतात यावर प्रवचन देतो. पँटची पाळी येते तसं बाईसाहेब ब्लँकेटच्या पलीकडं पळतात. दिवा मालवल्यावर बाहेर पाऊस, खिडकीतून येणारा अंधुक उजेड आणि मधे हलणारं ते ब्लँकेट. तिनं आपले कपडे त्याच्यावरच वाळत टाकल्यासारखे टाकलेत आणि तो अंधारातून सांगतोय की ते तेवढे काढून घे. पडद्यावर काहीच घडत नाही, पण बघणाऱ्याला सगळं घडल्यासारखं वाटतं. रंगीत सिनेमात हा प्रसंग इतका चढला नसता असं माझं मत आहे. अंधार काळा असावा आणि उजेड फक्त डोळ्यांवर पडावा, ही सोय कृष्णधवलमधेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी एलीच्या बापानं पाठवलेले गुप्तहेर खोलीत येतात. तेव्हा दोघं क्षणात भांडकुदळ नवराबायको होतात. तो तिच्या माहेरचा उद्धार करतो, तिला प्लंबरची पोरगी म्हणून हिणवतो, ती भोकाड पसरते आणि हेर बिचारे माफी मागून निघून जातात. आत्तापर्यंत ज्यांना हा सिनेमा दाखवला ते सगळे इथं मोठ्यानं हसले. भांडण इतकं खरं वाटतं की हेरांच्या जागी आपणही निघून गेलो असतो.

सिनेमाला ऑस्करची पाचही मोठी बक्षिसं मिळाली: चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेता, अभिनेत्री, पटकथा. असं त्याआधी कधी झालं नव्हतं आणि त्यानंतर चाळीसएक वर्षं झालं नाही. कोल्बेरला स्वतःला मात्र या सिनेमाचा काडीचा भरवसा नव्हता. बक्षीस समारंभाच्या रात्री ती गाडी पकडायला स्टेशनवर गेली होती, तिथून तिला धरून आणावं लागलं आणि प्रवासाच्या कपड्यांतच तिनं ऑस्कर घेतलं.

आता खटकणारं. सुरुवातीलाच बाप लेकीला थोबाडीत मारतो. पुढं पीटरही तिला खांद्यावर टाकून ओढा पार करताना चापट मारतो, आणि शेवटाकडं अशा बाईला रोज एक ठोसा लावणारा माणूस हवा असं तिच्या बापापुढं म्हणतो. १९३४ साली लोक यावर हसले असतील. आमची कॉलेजात जाणारी भाची हसली नाही, आणि तिचं बरोबर होतं. शिवाय संवाद पळतात. पडद्याखालच्या इंग्रजी पाट्या वाचता वाचता चेहरे बघायचे राहून जातात.

बुटातून निसटलेला पाय

'रोमन हॉलिडे' मधे पहिल्या दहा मिनिटांत एक शब्दही न समजता हसू येतं. राजकन्या ॲन रोममधल्या दरबारी समारंभात उभी आहे. पाहुण्यांची रांग संपता संपत नाही, प्रत्येकाला मान लववायची, दोन शब्द बोलायचे. कॅमेरा तिच्या घेरदार झग्याखाली जातो. तिनं एक बूट काढलाय आणि त्या पायानं दुसरा पाय खाजवतेय. तेवढ्यात बूट आडवा होतो. वर चेहरा हसरा, खाली पाय बूट चाचपतोय. ती खुर्चीवर बसते तेव्हा तो बूट झग्याच्या बाहेर, सगळ्यांच्या नजरेसमोर पडलेला. राजदूताच्या ते लक्षात येतं, तो घाईघाईनं तिला नाचायला उठवतो आणि उठता उठता तिचा पाय बुटात जातो. ही मुलगी आज रात्री पळणार, हे तिथंच कळतं.

ॲन झालेली ऑड्री हेपबर्न तेव्हा तेवीस वर्षांची होती, हॉलिवूडमधली तिची ही पहिली मोठी भूमिका, आणि त्याच भूमिकेला ऑस्कर. बातमीदार झालेला ग्रेगरी पेक तिच्या मानानं फारच नावाजलेला, तरी सुरुवातीच्या श्रेयनामावलीत तिचं नाव आपल्या बरोबरीनं यावं असा आग्रह त्यानंच धरला.

काप्राच्या सिनेमात सौदा उघड असतो: मी तुला न्यूयॉर्कला पोचवतो, तू मला बातमी दे. इथं दोघंही धडधडीत खोटं बोलतात. ती शाळेतून पळालेली पोरगी असल्याचं सांगते, तो आपण खतं-रसायनं विकतो असं सांगतो. आमच्या शाहूवाडीच्या पाहुण्यांना हे खतांचं फार आवडलं. सोबतीला फोटोग्राफर अर्व्हिंग, त्याच्या सिगारेट लायटरमधे छोटा कॅमेरा. तो भोळेपणानं खरं बोलायला लागला की पेक त्याच्या अंगावर काहीतरी सांडतो किंवा त्याला पाडतो. लहान मुलं इथं खुर्चीतून उठतात.

'सत्याचं मुख' हा प्रसंग आठवणीत राहण्यासारखा आहे. भिंतीतला एक दगडी चेहरा, खोटारड्यानं त्याच्या तोंडात हात घातला तर हात तुटतो अशी समजूत. दोघंही खोटारडे, त्यामुळं आधी हात कोण घालणार? पेक घालतो, ओरडतो, बाहेर काढतो तर पंजाच नाही. त्यानं तो बाहीत दडवलेला असतो. हे करणार असल्याचं त्यानं हेपबर्नला सांगितलंच नव्हतं. तिची किंकाळी अभिनयाची नाही, खरीखुरी घाबरल्याची आहे.

मधला भाग थोडा सैल आहे हे कबूल. स्कूटर, आइस्क्रीम, कॅफे, कारंजी. काही वेळ आपण रोमच्या सहलीला आल्यासारखं वाटतं. वायलरला सगळं चित्रीकरण रोममधेच हवं होतं, स्टुडिओनं पैसे आखडते घेतले, म्हणून सिनेमा रंगीत झाला नाही. बरंच झालं.

शेवट लपवत नाही, सत्तर वर्षं झाली त्याला. एलीचं होतं, ॲनचं होत नाही. राजकन्या परत जाते, दुसऱ्या दिवशी पत्रकारांना भेटते, रांगेतल्या बाकीच्यांशी करावं तसंच त्याच्याशीही हस्तांदोलन करते. अर्व्हिंग सगळे फोटो तिला देऊन टाकतो. मग सगळे पांगतात आणि पेक त्या लांबलचक दालनातून एकटा चालत बाहेर पडतो. संवाद नाही, मिठी नाही. शेजारच्या आज्जी म्हणाल्या, "मग ह्यो एकटाच चालला होय?" आणि सिनेमा संपल्यावरही त्या बराच वेळ त्याच्यावर चिडलेल्या होत्या.

तिसरं नाव, इथलंच

काप्राच्या सिनेमानंतर चारच वर्षांनी, १९३८ ला, कोल्हापुरात 'ब्रह्मचारी' बनला. हंस पिक्चर्स ही संस्था मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायाचित्रकार पांडुरंग नाईक यांनी १९३६ साली इथंच काढलेली. कथा आचार्य अत्रे यांची, दिग्दर्शन विनायकांचं आणि नायकही तेच. औदुंबर नावाचा साधा तरुण ब्रह्मचर्यावरचं एक जोरदार व्याख्यान ऐकतो, घरातली सिनेनट्यांची चित्रं काढून फेकतो, व्यायाम सुरू करतो आणि एका संस्थेत दाखल होतो. मग किशोरी येते, म्हणजे मीनाक्षी शिरोडकर. पोहण्याच्या वेशात ती 'यमुनाजळी खेळू खेळ' गाते, आणि औदुंबराच्या शपथेचं जे व्हायचं ते होतं. त्या वेशावरून तेव्हा केवढी खळबळ माजली होती.

म्हणजे दोघांच्या मधे काय, या हिशेबात इथं शपथ उभी आहे, आणि ती नायकानं स्वतःच घेतलेली. मला ही कल्पना दोन्ही इंग्रजी सिनेमांपेक्षा जास्त विनोदी वाटते, कारण ब्लँकेट काय नि मुकुट काय, बाहेरून आलेली अडचण. हा बाबा स्वतःच्याच पायात पाय घालून पडतो. अत्र्यांची टिंगल आज तरी जुनी वाटत नाही. संयमावर भाषणं ठोकणारी माणसं काय कमी झालीत?

पण पहिल्यांदा जुना सिनेमा बघणाऱ्याला मी 'ब्रह्मचारी' लावून देत नाही. ध्वनिमुद्रण १९३८ चं, कान देऊन ऐकावं लागतं. चाल संथ, नाटकाची सवय लागलेली. एकदा मन तयार झालं की मग मजा येते.

मग लावायचा कुठला

घरात आज्जी, पोरं आणि इंग्रजी फारसं न कळणारी माणसं एकत्र बसणार असतील तर 'रोमन हॉलिडे', दुसरा विचारच नको. बूट, लायटर, दगडी तोंड, डोक्यात फुटणारी गिटार, सगळं डोळ्यांनी कळतं. दोन तासांत दोन मिनिटं कमी, म्हणजे जेवण करून बसलात तर अकराच्या आत मोकळे. फक्त शेवटी थोडी शांतता पसरते, त्याची तयारी ठेवा.

नवराबायको दोघंच असाल, किंवा शब्दाला शब्द लावून भांडणाऱ्या मित्रमंडळींत बसणार असाल, तर काप्रा. पीटर शेवटी एलीच्या बापाकडं जातो तेव्हा बाप लेक परत आणणाऱ्यासाठी जाहीर केलेले दहा हजार डॉलर द्यायला तयार असतो, आणि पीटर खर्चाचा कागद पुढं करून फक्त एकोणचाळीस डॉलर साठ सेंट मागतो. प्रेमाची कबुली म्हणून मला हा हिशेब कुठल्याही गाण्यापेक्षा सरस वाटतो. तो कळायला संवाद मात्र पुरते कळायला हवेत, म्हणून पाट्या वाचायचा कंटाळा असणाऱ्यांना आग्रह करत नाही.

आई-मावशीनं राज कपूर-नर्गिसचा 'चोरी चोरी' पाहिला असेल, किंवा तुम्ही स्वतः १९९१ चा 'दिल है के मानता नहीं', तर काप्राची गोष्ट तुम्हाला आधीच ठाऊक आहे, दोन्ही त्याच्यावरूनच बेतलेले. अशांनी मूळ जरूर बघावा, पण दुसऱ्या रात्री. पहिल्या रात्री जी गोष्ट ठाऊक नाही ती बघावी, म्हणजे पुन्हा वायलरच.

'ब्रह्मचारी' या दोन्हींनंतर, रविवारी दुपारी, हेडफोन लावून. मोबाइलवर नको, मीनाक्षीबाईंचं गाणं मोठ्या पडद्याचं आहे. घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर त्यांना शेजारी बसवा. ते सिनेमा बघणार नाहीत, कुठल्या थिएटरात कुठला पाहिला हेच सांगत राहतील, त्यामुळं मधेमधे थांबवावा लागेल एवढं धरून चला.