मरणोत्तर पदक की हयातीतली माफी?
२००९ साली अमेरिकी सरकारने समलिंगी हक्कांच्या दोन अग्रणींची दखल घेतली, पण निरनिराळ्या रीतीने. १९७८ मध्ये हत्या झालेल्या हार्वे मिल्क यांना प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हे अमेरिकेचे सर्वोच्च नागरी पदक देण्यात आले. ते त्यांच्या पुतण्याने स्वीकारले. खगोलशास्त्रज्ञ फ्रँक कॅमेनी यांना मात्र १९५७ मध्ये केवळ समलिंगी म्हणून लष्कराच्या नकाशा विभागातून काढून टाकण्यात आले होते आणि त्यांनी ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले होते. त्यांची सरकारने रीतसर माफी मागितली, तेव्हा ८४ वर्षांचे कॅमेनी स्वतः समोर होते. पदकाचा गाजावाजा निःसंशय मोठा, परंतु त्यात सरकारला स्वतःची चूक कबूल करावी लागत नाही, म्हणून मला माफीच अधिक वजनदार वाटते, भले ती ५२ वर्षांनी आलेली असो.