‘एकवीस दिवस थांबा’ : घरातल्या हर्ब किटचा अनुभव

स्वयंपाकघराच्या खिडकीत कोथिंबीर, पुदिना, बेसिल लावायचा विचार करून तुम्ही मोबाइलवर दोन-चारदा शोधलं असेल, तर ही जाहिरात तुम्हालाही दिसली असेल. पांढराशुभ्र ओटा, लाकडी ट्रे, त्यात सहा कुंड्या, वर जांभळा दिवा आणि खाली ओळ : ‘माती नको, ऊन नको, पंधरा दिवसांत घरचे हर्ब्ज.’ मी हे किट २,४९९ रुपयांना घेतलं. पुढे त्यांच्याच सांगण्यावरून आणखी ८०० रुपये भरले. सगळे बुडाले. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. शिवाय हाच खोका वेगवेगळ्या नावांनी विकला जातोय, त्यामुळे नावापेक्षा त्यांची पद्धत ओळखता येणं जास्त गरजेचं आहे.

आम्ही कोथरूडला राहतो. गॅलरी नाही. ओट्यासमोर पूर्वेची खिडकी आहे, पण समोरच्या इमारतीमुळे सकाळचं ऊन जेमतेम दोन तास टिकतं. ‘ऊन नको’ हे वाचून किट मागवलं ते त्यामुळेच. खोक्यात प्लॅस्टिकच्या कुंड्या, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुश्याची) वीट, सहा छोटी चंदेरी पाकिटं, एक क्लिपचा दिवा आणि ‘ग्रोथ बूस्टर’ लिहिलेली हिरवट पाण्याची बाटली निघाली. बेसिल, कोथिंबीर, पार्स्ली, रोझमेरी, थाइम आणि पेपरमिंट अशी सहा नावं. प्रत्येक पाकिटावर पानांचं सुंदर चित्र आणि नाव. बास. वजन नाही, तारीख नाही, लॉट नंबर नाही, पॅक करणाऱ्याचा पत्ताही नाही.

पेरलं. पहिल्या आठवड्यातच बेसिलच्या कुंडीत हिरवे ठिपके दिसले आणि मला मनापासून आनंद झाला. बाकीच्या पाच कुंड्या तशाच होत्या. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचे एक ‘गार्डन एक्स्पर्ट’ होते. त्यांना फोटो पाठवला. उत्तर आलं : “मॅडम, बेसिल आलं म्हणजे सीड्स चांगले आहेत. बाकीच्यांना एकवीस दिवस लागतात. पेशन्स ठेवा.”

या एका उत्तरावर हा सगळा धंदा उभा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. माल परत करायची मुदत मिळाल्यापासून सात दिवसांची. बी उगवायची मुदत एकवीस दिवसांची. म्हणजे बी खराब आहे हे कळण्याच्या दोन आठवडे आधीच तुमचा परतीचा हक्क संपलेला असतो. आणि एकवीस दिवस ही धडधडीत थाप नाही, हेच जास्त वाईट. रोझमेरीला दोन ते चार आठवडे खरोखरच लागतात, तरीही तिचं बी थोडंच उगवतं. पार्स्लीही तीन-चार आठवडे घेते. दोन झाडांबद्दलची खरी गोष्ट त्यांनी सहाही पाकिटांना लावली. कोथिंबीर पुण्याच्या हवेत साधारण आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत वर येते. हे ज्याला माहीत नाही, त्यालाच हे किट विकलं जातं.

एकवीस दिवस उलटल्यावर एक्स्पर्टची भाषा बदलली. आता दोष माझा होता. “ओव्हरवॉटरिंग झालंय मॅडम, सीड्स कुजले.” उपाय काय, तर ‘अ‍ॅडव्हान्स बूस्टर’ आणि बियांचा नवा संच, सवलतीत ८०० रुपये. ते भरले. त्या संचातलंही जवळजवळ काहीच उगवलं नाही.

त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये शंभरावर माणसं होती, पण तक्रारीचा मेसेज दिसायचा आणि थोड्या वेळात नाहीसा व्हायचा. नाशिकच्या एका ताईंनी, त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं जाण्याआधी, मला वेगळा मेसेज केला. आम्ही दोघींनी एक्स्पर्टची उत्तरं शेजारी ठेवून पाहिली. शब्दन् शब्द सारखा. ताईंच्या फोटोत कोकोपीट कोरडंठाक, वीटकरी रंगाचं, कडेने कुंडीपासून सुटलेलं. माझ्या फोटोत ओलं, काळपट. तरी दोघींनाही ओव्हरवॉटरिंग! फोटो कुणी उघडूनसुद्धा पाहत नव्हतं.

मग मी बियांचीच परीक्षा घेतली. ही कुणालाही घरी करता येते, म्हणून कृती देते. दोन डबे घेतले, तळाशी टिश्यू पेपरची ओली घडी. एकात किटमधले वीस धने, दुसऱ्यात आमच्या मसाल्याच्या डब्यातले वीस. धना हे खरं तर फळ असतं, आत दोन बिया असतात. म्हणून दोन्हीकडचे धने लाटण्याने हलकेच दाबून दोन फाकी केल्या. झाकणं लावली, वर तारीख लिहिली, ओट्याच्या कोपऱ्यात ठेवले, रोज फोटो काढले. घरच्या धन्यांना दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला पांढरे कोंब फुटले, एकेका फाकीतून वाकडे होऊन बाहेर आलेले. किटमधले धने फुगले, मऊ झाले आणि मग त्यांवर राखाडी बुरशी धरली. एकही रुजला नाही. जुनं, मेलेलं बी होतं ते. पाणी जास्त-कमी होण्याचा प्रश्नच उरला नाही, कारण दोन्ही डब्यांना सारखंच पाणी होतं.

बेसिलचं कोडं सासूबाईंनी सोडवलं. पाकिटात उरलेलं बी त्यांनी वाटीतल्या पाण्यात टाकलं, त्यावर करडा-पांढरा बुळबुळीत थर आला, आणि त्या म्हणाल्या, “अगं, हा तर फालुद्यातला सब्जा.” आता बेसिलच्या सगळ्याच जातींचं बी असं फुगतं, तेवढ्यावरून फसवणूक सिद्ध होत नाही. म्हणून वाण्याकडचा सब्जा शेजारच्या कुंडीत पेरला. दोन्हीकडे हुबेहूब सारखी रोपं आली : लहान, टोकदार पानं आणि आपल्या तुळशीच्या जवळ जाणारा वास. पाकिटावर चित्र होतं इटालियन जातीच्या रुंद, फुगीर पानांचं. सब्जा वाईट नाही, तोही बेसिलच आहे. पण वाण्याकडे वीस रुपयांत मूठभर मिळणारी वस्तू ‘इम्पोर्टेड’ म्हणून चिमूटभर विकली गेली. आणि हेच एक पाकीट हमखास उगवणारं होतं. ते उगवलं म्हणून सात दिवस विश्वासात निघून गेले.

नव्या संचातल्या पेपरमिंटच्या पाकिटातून शेवटी काही रोपं आली ती लालसर देठांची. ती माठाच्या भाजीची होती. पेपरमिंट हा पुदिन्याच्या दोन जातींचा संकर आहे, त्याला सहसा रुजणारं बी धरतच नाही; तो फांद्यांवरून आणि मुळांच्या तुकड्यांवरून वाढवतात. त्यामुळे ‘पेपरमिंट सीड्स’ असं पाकीट दिसलं की पुढे काही तपासायचीही गरज नाही, दुकान बदला.

दिव्यावर ४५ वॅट छापलं होतं. तो चालायचा मोबाइलच्या चार्जरवर, आणि सोबत आलेल्या चार्जरवर बारीक अक्षरांत ५ व्होल्ट, २ अँपिअर. पाच दुणे दहा. त्या चार्जरमधून दहा वॅटच्या वर वीज मिळूच शकत नाही, मग दिवा ४५ वॅटचा कसा असेल? खिडकीत न ठेवता नुसत्या त्या दिव्याखाली ठेवलेली रोपं उंच, फिकट आणि दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी पडली. अशा झाडांना दिवसाला सहाएक तास ऊन किंवा बारा-चौदा तास चांगल्या ताकदीचा प्रकाश लागतो. आणि किटमधली ‘तयार माती’ म्हणजे नुसतं कोकोपीट, ज्यात पोषण जवळजवळ नसतं. रोप वर आल्यावर गांडूळखत मिसळावंच लागतं.

पैसे मागितल्यावर एक्स्पर्टने नंबर ब्लॉक केला. थोड्याच दिवसांत ‘रिफंड डिपार्टमेंट’मधून फोन आला. माणूस अतिशय नम्रपणे बोलत होता, माझी ऑर्डर, रक्कम, पत्ता सगळं त्याला माहीत. “मॅडम, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.” मी फोन ठेवला. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त पैसे देताना लागतो. नाशिकच्या ताईंना हाच फोन आला आणि त्यांचे आणखी साडेचार हजार गेले. असं झालं तर वेळ न घालवता १९३० वर सायबर हेल्पलाइनला कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

तक्रारीची वाट अशी. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथे मराठीतही बोलता येतं आणि तक्रारीचा क्रमांक मिळतो. माझ्या विक्रेत्याने तिथल्या कुठल्याच पत्राला उत्तर दिलं नाही. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार साइटवर कंपनीचं नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव द्यावं लागतं, ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिनाभरात निवारण करावं लागतं. यांच्या साइटवर फक्त एक मोबाइल नंबर होता. तेवढं दिसलं तरी खरेदी थांबवायला पुरे आहे. हेल्पलाइनवर काम झालं नाही म्हणून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून अर्ज केलाय. विक्रेता कुठल्याही राज्यातला असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. ‘अडीच हजारांसाठी कोण भांडतंय’ या आपल्या विचारावरच हे लोक जगतात, म्हणून मी भांडतेय.

बी घ्यायचंच असेल तर पाकीट उलटं करून वाचा. बियाणे कायदा, १९६६ खाली अधिसूचित (म्हणजे सरकारने यादीत घातलेल्या) बियांच्या लेबलवर वाणाचं नाव, लॉट नंबर, चाचणीची तारीख, उगवणक्षमतेची टक्केवारी, शुद्धता आणि विक्रेत्याचं नाव-पत्ता असावा लागतो. चाचणीच्या तारखेपासून नऊ महिने उलटले असतील तर ते पाकीट राहू द्या.

आणि नवशिक्यांनो, या असल्या अनुभवाने कुंड्या माळ्यावर टाकू नका. आमच्या खिडकीत आता पुदिना आहे. मंडईतल्या जुडीतल्या जाड काड्या निवडल्या, खालची पानं काढून पेल्यातल्या पाण्यात ठेवल्या, आठवडाभरात मुळं आली. कोथिंबीर मसाल्याच्या डब्यातल्या धन्यांची. गवती चहाचा फुटवा शेजारच्या काकूंनी दिला. रोझमेरी मात्र बियांपासून करू नका, नर्सरीतून मुळं धरलेलं रोप आणा, आणि ती बेसिलबरोबर एका ट्रेमध्ये लावू नका : बेसिलला माती सतत ओलसर लागते, रोझमेरी तशा मातीत मरते. जाहिरातीतल्या ट्रेमध्ये दोघी शेजारी-शेजारी बहरलेल्या दाखवल्या होत्या.

ज्यांच्याकडे असं किट आलंय त्यांनी रिकामी पाकिटं, खोक्यावरचं कुरिअरचं लेबल आणि व्हॉट्सअ‍ॅपचं संभाषण यांतलं काहीही टाकू नका, पुसू नका. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, कारण ती उद्या दुसऱ्या नावाने चालू असते. डब्यातली रुजवणीची चाचणी सात दिवसांची मुदत संपण्याआधी सुरू करा, तिच्या निकालाची वाट न बघता त्याच आठवड्यात परतीची लेखी मागणी पाठवा, आणि पोच मिळाली नाही तर सरळ १९१५ ला फोन लावा.