पुढच्या आठवड्यांची कांदा आवक: लूप फिरवायचा कसा?

लासलगाव-पिंपळगावकडच्या एखाद्या खळ्यावर रोज किती क्विंटल कांदा उतरला, याची एक्सेल फाइल तुमच्याकडे आहे. आता हमाल, गोण्या, ट्रक सांगून ठेवायला पुढच्या दोन महिन्यांचे आठवडी आकडे हवेत. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत याच्या तीन वाटा आहेत. लूप, म्हणजे तेच काम फिरून फिरून करणारा कोड, तिन्हींत आहे, फरक आहे तो त्याच्या पोटात.

पहिली सरासरीची. शेवटच्या चार आठवड्यांची सरासरी काढायची, ती लिस्टच्या (आकड्यांच्या यादीच्या) शेवटी जोडायची, पुन्हा शेवटच्या चारांची सरासरी. समजा आवक ८००, ९००, १०००, ११०० क्विंटल आहे. लूप आधी ९५० देतो, मग ९८७.५, आणि पुढे कितीही फिरवा, १००० वर येऊन बसतो. आवक चढती आहे हे त्याच्या गावीही नसतं.

दुसरी वाढीच्या दराची. दर आठवड्याला १० टक्के धरले की कोड दोन ओळींत संपतो आणि चढही दिसतो. पण आठव्या फेरीला ११०० चे जवळपास २३५८ होतात. उन्हाळ कांदा सुरू होताना दोन-तीन आठवडे हे खपून जाईल. पुढे शेतकरी माल चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, भरतो आणि भाव बघून काढतो; लूपला चाळ कुठली ठाऊक असणार?

माझा कल तिसऱ्या वाटेकडे आहे: गेल्या वर्षीचा तोच आठवडा घ्यायचा आणि यंदाच्या प्रमाणाने गुणायचा. प्रमाण म्हणजे यंदाच्या शेवटच्या चार आठवड्यांची बेरीज भागिले गेल्या वर्षीच्या त्याच चारांची. इथे एका आठवड्याचा अंदाज दुसऱ्यात जात नाही, म्हणून चूक साचत नाही आणि हंगामही आपसूक येतो. वर्षभराहून जुन्या नोंदी मात्र हव्यात. शिवाय दिवाळी सरकते. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने ते ८ नोव्हेंबरला. दिवाळीत लिलाव बंद असतात, तो खड्डा भलत्याच आठवड्यात पडतो. सुट्ट्यांचे आठवडे वेगळे लिहून ठेवा. आयएसओ या आठवडे मोजायच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने २०२६ ला ५३ आठवडे आहेत, त्या शेवटच्याला २०२५ मध्ये जोडीदार नाही.

वाट कोणतीही घ्या, शेवटचा अपुरा आठवडा आधी काढून टाका. पांडाज या पायथनच्या तक्ते हाताळायच्या लायब्ररीत आठवडा आपोआप रविवारी संपतो. बुधवारी कोड चालवलात तर शेवटची बेरीज तीनच दिवसांची असते. लूपमध्ये डेटाफ्रेमला (पांडाजच्या तक्त्याला) ओळी जोडत बसू नका. त्याची जुनी अपेंड सोय पांडाज २.० मध्ये काढलीच आहे. साधी लिस्ट पुरते.

तरी ठरत नसेल तर शेवटचे आठ आठवडे झाकून तिन्ही लूप चालवा आणि कोण किती चुकतो ते पाहा. द्राक्षाच्या पॅकहाउसला पहिल्या दोन वाटा नकोतच. तिथे हंगाम संपला की आकडा शून्य. तिसऱ्या वाटेतही भागाकाराआधी छेद शून्य नाही ना, ही अट घालायला लागेल.