‘आला असता’ला फ्रेंचमध्ये काय म्हणायचं? शेजारीशेजारी ठेवून पाहू

‘तू आला असतास तर मी थांबलो असतो.’ हे बोलताना मराठी माणूस कधी अडखळत नाही. ‘तर’च्या अलीकडे ‘असतास’, पलीकडे ‘असतो’. क्रियापदाचा साचा दोन्हीकडे तोच. फ्रेंच शिकणारे आपले विद्यार्थी बी१-बी२च्या (मधल्या पातळ्यांच्या) वाटेवर काँदिसिओनॅल पासेला, म्हणजे ‘असता’च्या फ्रेंच रूपाला, पोचतात तेव्हा नेमकी हीच सवय आडवी येते. आपण जे एका ‘असतो’वर भागवतो, त्यासाठी फ्रेंच दर वेळी विचारते: अटीची बाजू की परिणामाची? आजची गोष्ट की तेव्हाची? झालं असेल की झालं असतं?

(फ्रेंच शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. ‘ॅ’ मुद्दाम वापरला आहे, त्याचं कारण पुढे येईल.)

घडणीवर फार वेळ घालवण्यासारखं नाही. आव्वार (जवळ असणं) किंवा एत्र (असणं) या साहाय्यक क्रियापदाचं काँदिसिओनॅल प्रेझाँ (याच रूपाचा वर्तमानकाळ) घ्यायचं आणि पुढे मुख्य क्रियापदाचं भूतकृदंत ठेवायचं. जोरॅ, त्यू ओरॅ, इल ओरॅ, नू झोरिओं, वू झोरिए, इल झोरॅ. एत्र असेल तर ज स्रॅ, त्यू स्रॅ, इल स्रॅ, नू सरिओं, वू सरिए, इल स्रॅ. म्हणजे ‘मी खाल्लं असतं’ हे जोरॅ मांजे आणि ‘मी निघालो असतो’ हे ज स्रॅ पार्ती. ऐकताना ‘तो’ आणि ‘ते’ यांतला फरक आव्वारमध्ये फक्त त्या ‘झ’वरून कळतो. एत्रमध्ये तोही नाही, लिहिल्यावरच दिसतो.

आता मूळ अडचण. वरचं वाक्य फ्रेंचमध्ये असं होतं:

सी त्यू एतॅ वन्यू, ज स्रॅ रॅस्ते.

‘सी’च्या, म्हणजे ‘जर’च्या, बाजूला प्ल्यूस-क-पार्फॅ हा पूर्ण भूतकाळ (एतॅ वन्यू), पलीकडे काँदिसिओनॅल पासे (स्रॅ रॅस्ते). मराठीच्या सवयीने आपण ‘सी त्यू स्रॅ वन्यू’ म्हणून बसतो. यात कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही, फ्रान्समधली पोरंही हीच चूक करतात. म्हणून तिथल्या शाळांत एक ओळ घोकून घेतात: ‘ले सी नॅम पा ले रॅ.’ म्हणजे ‘सी’ला ‘रॅ’ (ओरॅ, स्रॅ यांचा शेवट) आवडत नाही. गंमत अशी की, हीच ओळ ऐकायला ‘करवतींना रेघा आवडत नाहीत’ अशीही लागते, म्हणून ती डोक्यातून जात नाही. मी वर्गात सोपी युक्ती सांगते: मराठी वाक्यात ‘तर’वर बोट ठेवा. बोटाच्या डावीकडच्या ‘असता’ला आवॅ किंवा एतॅ, उजवीकडच्याला ओरॅ किंवा स्रॅ.

ही युक्ती एका ठिकाणी फसते. ‘तो आला असता का, कोण जाणे’ यात ‘तर’ नाही, ‘का’ आहे. फ्रेंचमध्ये मात्र इथेही सीच येतो: ज म दमाँद सील स्रॅ वन्यू. हा सी अटीचा नाही, प्रश्नाचा आहे, आणि त्याला ‘रॅ’ चालतं. त्यामुळे ती घोकलेली ओळ आंधळेपणाने लावू नये.

दुसरी निवड मला जास्त अवघड वाटते, कारण इथे मराठी काहीच इशारा देत नाही. ‘पैसे असते तर मी गाडी घेतली असती.’ हे आजचं की पाच वर्षांपूर्वीचं? आपल्याला संदर्भावरून कळतं, क्रियापदावरून नाही. फ्रेंचला संदर्भ पुरत नाही, रूपातच सांगावं लागतं. आज खिसा रिकामा असेल तर: सी जावॅ द लार्जाँ, जाशॅत्रॅ यून व्वात्यूर. इथे अँपार्फॅ (अपूर्ण भूतकाळ) आणि काँदिसिओनॅल प्रेझाँ, म्हणजे दार अजून किलकिलं आहे, उद्या पैसे आले तर गाडी येऊ शकते. संधी तेव्हाच गेली असेल तर: सी जावॅ यू द लार्जाँ, जोरॅ आश्ते यून व्वात्यूर. हे दार बंद झालेलं आहे. लिहायला बसण्याआधी मराठी वाक्यात मनातल्या मनात ‘आज’ किंवा ‘तेव्हा’ घालून पाहा. जो शब्द बसेल त्यावरून रूप ठरतं.

आणि दोन्ही बाजूंचा काळ एकच असायला हवा असं नाही. ‘मेडिकल केलं असतं तर आज डॉक्टर असतो’ याचं फ्रेंच: सी जावॅ फॅ मेद्सीन, ज स्रॅ मेद्सँ ओजुर्द्वी. अट जुनी, परिणाम आजचा, म्हणून उजवीकडे साधं स्रॅ. उलटही होतं: ‘मी धीट असतो तर तेव्हाच नाही म्हटलं असतं.’ सी जेतॅ प्ल्यू कूराजे, जोरॅ रफ्यूझे. धीटपणा हा स्वभाव, तो आजही तसाच, म्हणून डावीकडे अँपार्फॅ. परीक्षेत अशी मिश्र वाक्यं आली की नियम पाठ केलेले विद्यार्थी दोन्हीकडे जुना काळ घालून मोकळे होतात.

तिसरी जोडी ओरॅ आणि ओरे. इथे तो ‘ॅ’ कामाला येतो. जोरे फिनी म्हणजे फ्यूत्यूर आंतेरिअर (पूर्ण भविष्यकाळ), जोरॅ फिनी म्हणजे काँदिसिओनॅल पासे. पुष्कळ फ्रेंच लोकांच्या बोलण्यात हा फरक पुसला गेला आहे, त्यामुळे कानावर भरवसा ठेवू नका. लिहिताना मात्र एका ‘एस’ने अर्थ पालटतो. सुदैवाने इथे मराठी अगदी पक्की सोबत करते: ‘असेल’ला फ्यूत्यूर आंतेरिअर, ‘असता’ला काँदिसिओनॅल पासे. ‘विसरला असेल’ म्हणजे इल ओरा उब्लिए, ‘विसरला असता’ म्हणजे इल ओरॅ उब्लिए. अपवाद ठळक एकच: ओ का ऊ (‘समजा तसं असेल तर’). ‘तू विसरला असशील म्हणून सांगते’ यात आपल्याकडे ‘असशील’ आहे, पण फ्रेंच म्हणते ओ का ऊ त्यू ओरॅ उब्लिए. एवढं लक्षात ठेवायचं आणि पुढे जायचं.

बोलणी खाताना आणि देताना हे रूप सगळ्यात जास्त ऐकू येतं. ‘तू मला सांगायला हवं होतंस’: त्यू ओरॅ द्यू म ल दीर. ‘कळवू तरी शकला असतास’: त्यू ओरॅ प्यू प्रेव्नीर. इथे इंग्रजीचा आधार घेतलात तर घोटाळा होतो. इंग्रजीत ‘शुड’ तसाच राहतो आणि भूतकाळ पुढच्या क्रियापदावर जातो. फ्रेंचमध्ये भूतकाळ दव्वारवरच (‘हवं’, ‘लागतं’ सांगणाऱ्या क्रियापदावर; द्यू हे त्याचंच कृदंत) चढतो आणि पुढचं क्रियापद मूळ रूपात राहतं. मराठीतही तसंच, ‘सांगायला’ जागचं हलत नाही, ‘हवं होतंस’ बदलतं. म्हणून ही वाक्यं करताना इंग्रजी बाजूला ठेवा आणि थेट मराठीवरून जा. फक्त जोरॅ द्यू आणि जे द्यू यांची गल्लत करू नका. जे द्यू पार्तीर म्हणजे मला जावं लागलं, आणि मी गेले. जोरॅ द्यू पार्तीर म्हणजे मी जायला हवं होतं, पण गेले नाही.

चौकशीच्या खिडकीवर जोरॅ वूल्यू अँ राँसॅन्यमाँ म्हणतात. आपण म्हणतो, ‘जरा माहिती हवी होती.’ माहिती आत्ताच हवी असते, तरी दोन्ही भाषा नम्रपणासाठी भूतकाळात जातात.

आता एक सापळा, फ्रेंच बातम्या वाचणाऱ्यांसाठी. लाक्सिदाँ ओरॅ फॅ त्र्वा मोर. ‘असता’ डोक्यात ठेवून वाचलं तर वाटेल, अपघातात तिघे मेले असते, पण वाचले. अर्थ तसा नाही. अपघातात तिघांचा मृत्यू झाल्याचं समजतं, पण वार्ताहर अजून त्याची हमी देत नाही. आपल्या वर्तमानपत्रांतलं ‘झाल्याचे समजते’ आणि घरातलं ‘म्हणे’ ही दोन्ही कामं इथे एकटं ओरॅ करतं. वाक्यात सी नाही, पश्चात्ताप नाही, टोमणा नाही, आणि मजकूर बातमीचा आहे, तर ‘असता’ सोडून ‘म्हणे’ लावून पाहा. दहापैकी नऊ वेळा अर्थ लागतो.

आव्वार की एत्र, हा शेवटचा निर्णय. ज्यांना पासे काँपोझे (बोलण्यातला नेहमीचा भूतकाळ) येतं त्यांना इथे नवीन काही नाही. येणं, जाणं, निघणं, पडणं, जन्मणं, मरणं अशी पंधराएक क्रियापदं आणि सगळी स्वतःवर फिरणारी क्रियापदं (ज म स्रॅ लवे, म्हणजे उठलो असतो) एत्र घेतात. मराठी कान इथे काही अंतरापर्यंत मदत करतो. ‘मी गेलो असतो’मध्ये क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं, एत्रचं कृदंतही कर्त्याप्रमाणेच. ‘ती आली असती’ लिहिताना वन्यूच्या शेवटी एक मुका ‘ई’ जोडायचा. पण ‘झोपलो असतो’ आणि ‘चाललो असतो’ मराठीत तसेच दिसले तरी फ्रेंचमध्ये आव्वार घेतात: जोरॅ दोर्मी, जोरॅ मार्शे. आव्वारबरोबर कर्माचा खेळ अर्धाच आपल्यासारखा आहे. ‘मी पत्रं लिहिली असती’मध्ये आपण कर्म पाहून ‘लिहिली’ करतो. फ्रेंच म्हणते, पत्रं आधी आली तरच. जोरॅ एक्री दे लॅत्र, पण ले लॅत्र क जोरॅ एक्रीत. तो शेवटचा ‘त’ ऐकू येतो, म्हणून हे उदाहरण पाठ करायला बरं.

जुन्या कादंबऱ्यांत याच अर्थाने ज्यूस एमे, इल यू फाल्यू अशी रूपं दिसतील. त्याला काँदिसिओनॅल पासेचं दुसरं रूप म्हणतात, पण ते खरं सब्जाँक्तीफ या (इच्छा, शंका दाखवणाऱ्या) रूपमालेतून उसनं आणलेलं आहे. वाचताना ओळखता आलं की पुरे. पॅरिसच्या बेकरीत उभं राहून तसं बोललात, तर पाव मिळेल, पण सोबत एक हसूही मिळेल.