मुंबईत मुक्काम करताय? आधी चेकआउटची वेळ विचारा (आठ महिन्यांचा अनुभव)

गेल्या बुधवारी फोर्टातल्या एका लॉजने माझ्याकडून तीन दिवसांचं भाडं घेतलं. मी तिथे राहिले पस्तीस तास.

जुलैपासून दर महिन्याला कामासाठी दोन दिवस फोर्टातल्या बॅलार्ड इस्टेटला जावं लागतं. कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी साडेसातच्या आसपास सीएसएमटीला पोचवते, परतीची गाडी रात्री आठनंतर. मंगळवारी पावणेआठला खोली घेतली, बुधवारी संध्याकाळी पावणेसातला सोडली. बिल 5,400 रुपये! काउंटरवरच्या माणसाने रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि पेनाने दाखवलं: मंगळवारी दुपारी 12 पर्यंत एक दिवस, बुधवारी 12 पर्यंत दुसरा, पुढे तिसरा. फोनवर यांनीच '24 तास' सांगितलं होतं. त्या हिशेबाने दोन दिवसांचे 3,600 होतात. 1,800 रुपये म्हणजे माझं महिन्याचं दूध.

म्हणून खोली, पंखा, गरम पाणी हे सगळं नंतर विचारा. पहिला प्रश्न एकच: चेकआउट 24 तासांचं की दुपारी 12 चं? उत्तर व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. आपल्याकडच्या रात्रीच्या गाड्या सकाळीच पोचतात, त्यामुळे 12 चा नियम आपल्यालाच सगळ्यात जास्त लागतो. नुसती आंघोळ करून कपडे बदलायचे असतील तर रेल्वेची रिटायरिंग रूम (स्टेशनवरची भाड्याची खोली) काही ठिकाणी तासांच्या हिशेबाने मिळते, फक्त आधी ऑनलाइन बघून ठेवा. शेवटच्या दिवशी खोली सकाळीच सोडून बॅग सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये टाकायची. बॅगेला कुलूप हवं आणि तिकीट जवळ हवं. कुलपाशिवाय घेत नाहीत.

पहिले तीन महिने मी सगळ्यांना सांगत होते की पैसे गेले तरी फोर्टातच राहा. आता तसं सांगणार नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये भुयारी मेट्रो 3 थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली. महालक्ष्मीतून दादरलाच उतरायचं, तिथे 24 तासवाला लॉज घ्यायचा आणि मेट्रोने हुतात्मा चौक गाठायचा. लोकलची रेटारेटी नाही, खाली एसी आहे, शिवाय दादरला सकाळी थालीपीठ मिळतं. नोव्हेंबरपासून मी हेच करत होते. या वेळी सकाळची मीटिंग लवकर होती म्हणून फोर्टात गेले आणि फसले.

जानेवारीत आईला घेऊन गेले होते. तिला 68 वर्षं, गुडघे दुखतात, पण एलिफंटा बघायचीच होती. डिसेंबर 2024 मध्ये तिकडे जाणाऱ्या बोटीचा अपघात झाला तेव्हापासून तिच्या मनात धास्ती होती, म्हणून बसल्या बसल्या लाइफ जॅकेट मागून घेतलं आणि पट्टे स्वतः आवळले. तुम्हीही मागा, कुणी देईल म्हणून थांबू नका.

खरी अडचण लाँचमध्ये चढताना येते. गेटवेच्या पायऱ्यांशी ओहोटीला खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांवर शेवाळ असतं आणि लाँच वर-खाली होत असते. खलाशाने आईचा हात नाही, मनगट धरलं. म्हणाला, "आजी, उडी नका मारू. बोट वर आली की पाय टाका." एक हेलकावा जाऊ दिला, दुसऱ्याला "आता" म्हणाला आणि आई आत! त्यानेच मला भरतीचा हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहाला भरती, म्हणून भर दुपारी ओहोटी. आम्ही कोल्हापूरची माणसं, घरात कालनिर्णय असूनही हे माहीत नव्हतं. म्हातारं माणूस बरोबर असेल तर तिथी बघूनच दिवस ठरवा. सोमवारी लेणी बंद असतात आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद राहते.

लाँचला तासभर लागतो. वर चढायला सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. डोलीवाले असतात, भाव आधी ठरवा. सुमारे वीस फुटी त्रिमूर्तीसमोर आई बराच वेळ गप्प उभी होती. मग म्हणाली, "डोळे मिटलेत, तरी आपल्याकडेच बघतोय असं वाटतं."

गाडीपूर्वी दोन तास मोकळे असतील तर ओव्हल मैदानात जा. एका बाजूला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, समोर आर्ट डेको शैलीतल्या इमारतींची रांग. 2018 मध्ये या सगळ्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि बघायला तिकीट नाही. सहानंतर ऊन उतरतं, मुलं क्रिकेट खेळत असतात. तिथून सीएसएमटी चालत वीस-पंचवीस मिनिटं.

लॉजची पावती जपून ठेवली आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर काल तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांकही मिळाला. 1,800 रुपये परत आले की इथेच खाली लिहीन. नाही आले तरी लिहीन.