एचआयव्हीचा निगेटिव्ह अहवाल हातात असताना मी 97,500 रुपये मोजले

रक्कम आधी सांगून टाकतो, कारण तीच सांगायला सर्वांत जास्त लाज वाटते. तपासणी फी 1,500, ‘सुप्त विषाणू चाचणी’ 18,500, सहा आठवड्यांचे औषध 24,000, पुन्हा तीच चाचणी 18,500, पुन्हा औषध 24,000 आणि शेवटी ‘फाईल बंद करण्याचे’ 11,000. एकूण 97,500 रुपये. मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात लेखापाल आहे. लोकांच्या बिलांतील चुका शोधण्याचाच मला पगार मिळतो.

लग्नापूर्वी परगावी घडलेल्या एका प्रसंगानंतर मला एचआयव्हीची धास्ती बसली. तो प्रसंग इथे सांगण्याची गरज नाही; पोलिसांना मात्र ती वाटली, त्याविषयी पुढे येईलच. चौदा महिन्यांत मी नऊ वेळा रक्त तपासून घेतले आणि नऊही अहवाल निगेटिव्ह आले. चौथ्या पिढीच्या (विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडे दोन्ही शोधणाऱ्या) तपासणीत 45 दिवसांनंतर आणि साध्या रॅपिड तपासणीतही तीन महिन्यांनंतर निगेटिव्ह आले, की त्या प्रसंगापुरता प्रश्न मिटतो, हे मला तोंडपाठ होते. तरीही प्रत्येक अहवालाने जेमतेम आठ-दहा दिवस झोप लागायची आणि मग पुन्हा मानेतल्या गाठी चाचपणे, आरशासमोर जीभ बाहेर काढून पाहणे आणि रोज सकाळी वजन करणे सुरू व्हायचे. ज्याला हे कधी झालेले नाही त्याने हसू नये. सरकारी केंद्रातील समुपदेशक ताईंनी सातव्या तपासणीच्या वेळीच एका चिठ्ठीवर मानसोपचार विभागाचे वार लिहून दिले होते. ती चिठ्ठी मी पाकिटात ठेवली आणि आठवी तपासणी खासगी प्रयोगशाळेत जाऊन केली.

अशा माणसाला रात्री दोन वाजता मोबाईलवर कोणत्या जाहिराती दिसतात, हे वेगळे सांगायला नको. अशाच एका जाहिरातीवरून मी ज्याच्याकडे गेलो, तो स्वतःला डॉक्टर म्हणवत असे. माझे अहवाल त्याने खोटे ठरवले नाहीत, उलट प्रत्येक कागद शांतपणे वाचला, आणि तिथेच मी विरघळलो. तो म्हणाला, “हे सगळे बरोबर आहे, पण विषाणू सुप्तावस्थेत असेल तर या किटला तो कसा सापडेल?” यात अर्धे खरे होते. एचआयव्हीच्या संसर्गात लक्षणांविना जाणारा काळ असतो, तो अनेक वर्षांचाही असू शकतो. पण त्या काळातही रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रथिने, असतात आणि नेहमीची तपासणी तीच शोधते. हे मला ठाऊक असूनही त्याच्यासमोर बसल्यावर आठवले नाही, किंवा आठवून घ्यायचे नव्हते.

आता ज्या क्षणी मी उठून निघायला हवे होते, तो क्षण. 9 जानेवारीला रोख 20,000 भरले तेव्हा मिळालेल्या पावतीचा क्रमांक 41 होता. 20 फेब्रुवारीला दुसऱ्या चाचणीचे 18,500 भरले तेव्हा त्याच पावतीपुस्तकातून, त्याच निळ्या कार्बनची पावती मिळाली आणि तिचा क्रमांक होता 42. महिन्याला तीनशे रुग्ण पाहतो असे सांगणाऱ्या माणसाने बेचाळीस दिवसांत दुसरी एकही पावती फाडलेली नव्हती. मला ते दिसले नाही असे नाही. व्हाउचरचे क्रमांक सलग आहेत की नाहीत हे पाहण्याची सवय बोटांतच मुरलेली आहे; मी तो आकडा पाहिला, थबकलो, आणि नाजूक आजारांच्या रुग्णांसाठी वेगळे पुस्तक ठेवत असतील, अशी त्याच्या वतीने माझीच समजूत घातली. औषधाचे पैसे यूपीआयने भरताना पडद्यावर एका मोबाईल दुकानाचे नाव आले, तेव्हाही मी असाच त्याचा वकील झालो.

त्याच्या अहवालात विषाणूचे प्रमाण आधी ‘38 टक्के’ आणि औषधानंतर ‘21 टक्के’ होते. मी तिसऱ्यांदा पैसे द्यायला नकार दिल्यावर अहवाल घरच्या पत्त्यावर रजिस्टरने पाठवण्याचा निरोप आला. घरी बायको आणि वडील असतात. मी 11,000 भरले. त्यानंतर दहावी तपासणी करायला त्याच सरकारी केंद्रात गेलो, तेव्हा ताईंनी तो कागद एकदाच पाहिला आणि म्हणाल्या, “दादा, विषाणू टक्क्यांत कुठे मोजतात?” तो एक मिलिलिटर रक्तात किती प्रती आहेत, असा मोजतात. दहावा अहवालही निगेटिव्हच आला.

पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन गेलो तर टेबलावरच्या हवालदारांनी बाकावर बसलेल्या चार जणांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “पण तुम्हाला ही टेस्ट करायची वेळ का आली?” एचआयव्हीबाबत गोपनीयता राखण्यासाठी 2017 चा कायदा आहे, मला तर तो आजारही नाही, तरी मीच आरोपीसारखा उभा होतो. तिथून सायबर शाखेकडे पाठवले. सायबर शाखेने सांगितले की समोरासमोर बसून स्वतःच्या हाताने दिलेले पैसे आमच्याकडे येत नाहीत. डॉक्टरांची नोंदणी पाहणाऱ्या कार्यालयाचे म्हणणे असे की हा माणूस आमच्या यादीत नाही, म्हणून त्याच्यावर आम्ही कारवाई करू शकत नाही. म्हणजे खरा डॉक्टर चुकला तर त्याला जाब विचारणार आणि तोतया मोकळा. औषधांवर देखरेख करणाऱ्या कार्यालयात डब्या नेल्या, तर लेबल आणि उत्पादकाचे नाव नसल्याने हे औषधच आहे हे कशावरून, असा प्रश्न आला. लेबल नाही हीच तर माझी तक्रार होती! एड्स बरा करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये असे 1945 च्या औषध नियमांच्या परिशिष्ट ‘जे’ मध्ये स्पष्ट आहे, हे मी त्या साहेबांना सांगितले, तेव्हा त्यांनी दुपारी जेवणानंतर यायला सांगितले. त्यानंतर मी तीन दुपारी गेलो.

सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते आणि 1097 या एड्स हेल्पलाइनवर शंका विचारता येतात, त्यामुळे ‘विशेष’ चाचणीसाठी कोणी हजारो रुपये मागितले तर तिथून उठा. लेबल नसलेली डबी घेऊ नका. धमकी आली तर पैसे भरू नका, निरोप जपून ठेवा. मी घाबरून ते पुसून टाकले आणि आता पुरावा मागतात. आणि तीन अहवाल निगेटिव्ह येऊनही चौथ्यासाठी पाय वळत असतील तर प्रयोगशाळेऐवजी मानसोपचार विभागात जा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन तरी करा. मी शेवटी गेलो. केसपेपरचे 10 रुपये लागले. तिथे मला गोळी दिली आहे आणि गाठी चाचपायला मनाई केली आहे. तपासणीची हुक्की आली की वहीत वेळ लिहायची आणि थांबायचे, असे चालू आहे. गेल्या आठवड्यात अकरा वेळा लिहिले, एकदाही गेलो नाही.

माझ्या अर्जावर आवक क्रमांकाखेरीज अजून काही पडलेले नाही. त्याच निळ्या कार्बनची, चाळीसच्या आसपासच्या क्रमांकाची पावती आणखी कोणाकडे असेल तर ती फाडू नका. दोन तक्रारदार असल्याशिवाय हे काम पुढे सरकत नाही, असे मला चौथ्या दुपारी सांगण्यात आले.