'पेप्टाइड'च्या कॅप्सूलपायी गेलेले ८४० डॉलर

ह्यूस्टन परिसरात वजन कमी करण्यासाठी '५-अमिनो-१एमक्यू'च्या कॅप्सूल घ्यायचा कुणी विचार करत असेल, तर आधी हे वाचा. माझे ८४० डॉलर गेले. पण तीन महिने मी नेमकं काय गिळत होते, हे मला अजून माहीत नाही आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

वेलनेस क्लिनिकमधल्या बाईंनी सगळं नीट समजावलं होतं. आपल्या यकृतात आणि चरबीत एनएनएमटी नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते निकोटिनमाइडला, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाच्या एका रूपाला, मिथाइल गट जोडतं. या कॅप्सूलने हे विकर अडवलं की चरबी जळते, आणि संशोधनही इथलंच, गॅल्व्हेस्टनचं! तेवढं ऐकून मी कार्ड काढलं.

यातलं बरंचसं खरं होतं, म्हणून तर मी फसले. २०१४मध्ये उंदरांच्या यकृतातलं आणि चरबीतलं हे विकर कमी केलं, तेव्हा चरबीयुक्त खाण्यानेही ते फारसे लठ्ठ झाले नाहीत. २०१८मध्ये गॅल्व्हेस्टनला टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत लठ्ठ उंदरांना हे विकर अडवणारं असं रसायन दिलं, तर खाणं तेवढंच राहूनही वजन घटलं. पण ते उंदरांचं. एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध नियामक संस्थेने, ५-अमिनो-१एमक्यूला माणसांसाठी औषध म्हणून मंजुरी दिलेली नाही, हे मला कुणी सांगितलं नाही. आणि 'पेप्टाइड' म्हणून विकलं तरी ते पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, नाहीच; क्विनोलिनियम जातीचा छोटा रेणू आहे.

तिसऱ्या महिन्यात सिंकजवळ बाटली ओली झाली आणि क्लिनिकचं लेबल एका कडेने सुटलं. खाली दुसरं लेबल होतं : 'फक्त संशोधनासाठी. माणसांनी सेवन करू नये.' ओला टॉवेल हातात तसाच धरून मी ते तीनदा वाचलं. मग फाइलमधून शुद्धतेचं सर्टिफिकेट काढलं. त्यावरचा बॅच नंबर बाटलीवरच्या नंबराशी जुळत नव्हता.

क्लिनिकने 'उघडलेली बाटली परत घेत नाही' म्हणून हात वर केले. माझ्या डॉक्टरांनी कॅप्सूल लगेच बंद करायला लावल्या, यकृताच्या तपासण्या केल्या. त्या नॉर्मल आल्या, तोवर दोन रात्री झोप नव्हती.

तुमच्याकडे अशी बाटली असेल तर लेबलाची कड उचलून बघा, बॅच नंबर ताडून बघा आणि डॉक्टरांना नावानिशी सांगा. मी एफडीएकडे तक्रार केली आहे. उरलेल्या अकरा कॅप्सूल, दोन्ही लेबलांसकट, जपून ठेवल्या आहेत.